प्रभाकररावांची गोगलगाय आणि उशिरा आलेलं ताट

मंडळी, मागं जे उभे आहेत त्यांनी पुढं येऊन बसावं. खुर्च्या रिकाम्या आहेत.

मला बोलता येत नाही, हे माझ्या घरच्यांना चांगलं माहीत आहे. आज तर आणखीच अवघड आहे. माझ्या आधी सरांचे सहकारी बोलले, विद्यार्थी बोलले. सगळे बोलायची सवय असलेले. आणि इथं समोर हा फोटो. तो मीच काढलेला आहे, आमच्या गच्चीवर. त्यामुळं त्यात ते माझ्याकडं बघूनच हसत आहेत. त्या फोटोकडं बघून माझ्याच्यानं बोलणं होणार नाही. मी तुमच्याकडं बघून बोलतो.

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी प्रभाकररावांचा साडू. त्यांच्या पत्नी निर्मलाताई आणि माझी पत्नी सुमन या सख्ख्या बहिणी. मी अकोल्याला राहतो. वीज कंपनीत मीटर तपासायच्या पथकात माझी नोकरी झाली. लोकांच्या घरी न सांगता जायचं आणि मीटर बघायचं. ज्या घरात चहा जरा लवकरच पुढं यायचा, त्या घरचं मीटर मी पुन्हा एकदा बघायचो. संशय घेणं हे माझं पोटापाण्याचं काम होतं. नोकरी संपली, सवय राहिली.

आज सकाळपासून या सभागृहात मी त्याच सवयीनं बसलो आहे.

तुम्ही सगळे प्रभाकररावांवर माया करणारे आहात, याबद्दल मला शंका नाही. पण रक्षा सावडायला गेलो तेव्हा मी काही ऐकलं. तेरवीच्या पंगतीत तेच ऐकलं. आज बाहेर चपला काढतानाही ऐकलं. "चांगला हसून-बोलून राहिला होता माणूस. सुनेनं सुई देली आन् उठलाच नाही." दुसरं माणूस म्हणालं, "सुई कोनाच्या हातची होती, ते पाहा ना बापा." नाव कोणी घेत नाही. घ्यायची गरज नाही. त्या घरात सून एकच आहे.

ती पल्लवी. मागं, दाराजवळच्या खुर्चीवर बसली आहे. शेजारी तिचा भाऊ आहे, तो आज सकाळी चांदूर बाजारहून आला. तो कशासाठी आला हे मी त्याला विचारलं नाही. घराच्या ओसरीवर पल्लवीची भरलेली बॅग ठेवलेली मी पाहिली आहे. सभा झाली की ती माहेरी जाईल. परत येईल की नाही, हे तिलाही ठाऊक नसावं.

शोकसभेत अशा गोष्टी बोलायच्या नसतात, हे मला कळतं. पण प्रभाकररावांचं सगळं चांगलं तुमचं बोलून झालं आहे. माझ्यासाठी एवढीच एक गोष्ट उरली आहे. ती बोललो नाही तर या फोटोकडं मला पुन्हा बघता येणार नाही.

मला गोगलगाईपासून सुरुवात करावी लागेल.

सरांचे विद्यार्थी हसले. म्हणजे त्यांना आठवलं.

बाकीच्यांना सांगतो. प्रभाकररावांनी आमच्या अकोल्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. आपल्या या काळ्या मातीतून समुद्र किती लांब आहे, तुम्ही जाणता. पण या माणसाचा जीव समुद्रातल्या एका गोगलगाईत अडकला होता. कोनस तिचं नाव. शंख शंकूच्या आकाराचा, आणि त्यावर अशी नक्षी, की बाई माणसानं पाहिला तर कपाटात ठेवायला उचललाच पाहिजे. त्यातल्या काही जाती मासे मारून खातात. प्रयोगशाळेत त्यांच्याकडं तिचे दोन-तीन रिकामे शंख होते. ते हातात घेऊन हा माणूस पूर्ण तास बोलायचा.

मला त्यांनी हे पहिल्यांदा सांगितलं ते आमच्या गच्चीवर. मी म्हणालो, "भाऊ, गोगलगाय सरपटते आणि मासा पळतो. जमणार कसं?"

ते म्हणाले, "तेच तं! पहिले ती वास घेते. तिले एक नळी असते, ती बाहेर काढून पाणी आत ओढते आन् पाण्यातून हुंगते, कोन कुठं हाय. साडूभाऊ, तुमचं नाक म्हंजे तिची नळीच हाय. मीटरवाल्याचं नाक."

सुमन हसून हसून खाली बसली. त्या दिवसापासून आमच्या घरात माझं नाव नळी पडलं.

मग त्यांनी पुढचं सांगितलं. त्या गोगलगाईचा दात म्हणजे पोकळ भाला असतो. सोंडेच्या टोकाशी तो तयार ठेवलेला असतो, आत विष भरलेलं. मासा जवळ आला की सोंड पुढं, आणि दात माशाच्या अंगात. मासा जागच्या जागी ताठ होतो. "तुमच्या खात्याच्या भाषेत शॉक," असं ते म्हणाले. दाताला सोंड धरून असते, त्या दोरीनं ती माशाला ओढून आत घेते. एकदा वापरलेला दात पुन्हा वापरत नाही. आत दुसरे तयार असतात. माणसालासुद्धा तो दात लागला तर काही जातींच्या विषानं माणूस मरू शकतो, आणि त्यावर उतारा नाही. त्याच कुळातल्या एका गोगलगाईच्या विषावरून माणसाच्या दुखण्यावरचं औषधही बनलं आहे, हे सांगायला ते कधी विसरायचे नाहीत. "विष आन् औषध असे दोन डबे निसर्गानं भरलेच नाहीत," म्हणायचे. "डबा एकच. किती घेतलं, कवा घेतलं, एवढाच फरक."

हे वाक्य लक्षात ठेवा. कधी घेतलं.

रिटायर झाल्यावर आम्ही चौघं अंदमानला गेलो होतो. त्यांची इच्छा. आयुष्यभर शिकवलेला प्राणी एकदा त्याच्या घरी पाहायचा होता. ओहोटीच्या वेळी खडकांवर पाणी घोट्याएवढं राहिलं, आम्ही चालत होतो, आणि सुमनला एक शंख दिसला. तपकिरी, पांढरी नक्षी. ती वाकली. आणि मंडळी, प्रभाकरराव ओरडले. "सुमन! हात नोको लावू!" असे ओरडले की लांबच्या होडीतला माणूस उभा राहिला.

तुमच्यापैकी कोणी त्यांना ओरडताना ऐकलं आहे? निर्मलाताई, तुम्ही ऐकलं आहे? वर्गात नाही, घरात नाही, नातेवाइकांच्या भांडणात नाही.

सुमन रडवेली झाली. म्हणाली, "काहून ओरडले भाऊजी? शंखच होता ना?"

ते तिच्याजवळ गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "रिकामा हाय का भरलेला, ते हात लावल्यावर समजलं असतं. कोनती जात हाय ते मी बी उचलून पाहनार नाही." मग तिथंच पाण्यात, पँट वर करून, पाठीला हात लावून, ते बराच वेळ वाकून त्याच्याकडं बघत राहिले. शंख हलला नाही. पण त्यांना भरपूर मिळालं होतं. परतताना जहाजात ते नुसते हसत होते.

हे का सांगितलं? कारण हा माणूस दुसऱ्याच्या जिवासाठी ओरडू शकत होता. हे मला नोंदवून ठेवायचं आहे.

आता त्या गोगलगाईची दुसरी तऱ्हा. हीच आज महत्त्वाची.

प्रभाकररावांना शुगर होती, हे सगळ्यांना माहीत आहे. शेवटची काही वर्षं इन्सुलिन चालू होतं. जेवणाआधी घ्यायचं. ज्या दिवशी डॉक्टरांनी ते सुरू केलं, त्या संध्याकाळी त्यांनी मला फोन केला. मला वाटलं, खचले असतील. ते तर खुशीत. म्हणाले, "साडूभाऊ, मी आन् माही गोगलगाय आता एकाच औषधावर आलो."

तेव्हा त्यांनी सांगितलं की त्यातल्या एका जातीची शिकार वेगळी असते. ती भाला आधी चालवत नाही. ती आपलं तोंड पसरते. झोळीसारखं, मोठं, पातळ. आणि शास्त्रज्ञांचं म्हणणं असं की ती पाण्यात इन्सुलिन सोडते. तिच्या स्वतःच्या शरीराचं इन्सुलिन वेगळं असतं, हे मात्र माशांच्या इन्सुलिनसारखं बनवलेलं. माशाचं शरीर ते आपलंच समजतं. माशाची साखर उतरते. तो सुस्त होतो. पळायचं सोडून देतो. झोळी हळूहळू त्याच्यावरून येते आणि तो आत जातो. भाला नंतर, आत गेल्यावर.

मी माझ्या स्वभावाप्रमाणं विचारलं, "पण माशाला संशय कसा येत नाही?"

ते म्हणाले, "कशानं येईन? संशय डोक्यानं घ्या लागते. साखर उतरली का पहिले डोकंच मंदावते. त्याले वाटते, आपन शांत बसून राहिलो. पाहनाऱ्याले बी वाटते, मासा शांत हाय."

मंडळी, पाहणाऱ्यालाही वाटतं.

आता महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. मी त्या घरात होतो. सुमन होती. तुमच्यापैकी बरेच जण होते.

प्रभाकररावांच्या घरची रीत अशी की महालक्ष्म्यांची आरती थोरल्याच्या हातची. थोरले म्हणजे आबा, त्यांचे मोठे भाऊ. ते इथं समोर, फोटोच्या बाजूला बसले आहेत. आबा दर्यापूरला राहतात. ते आल्याशिवाय आरती नाही, आरतीशिवाय नैवेद्य नाही, आणि नैवेद्य दाखवल्याशिवाय त्या घरात कोणी तोंडात काही घालत नाही. प्रभाकरराव देवाधर्मातले नव्हते. मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाले, "देवाचं मले माहीत नाही बा. पन आबाचं मन मी मोडत नाही."

त्या दिवशी दुपारी आबांचा फोन आला. फोन निर्मलाताईंनी घेतला आणि मोठ्यानं सगळ्यांना सांगितलं, "वलगाव सोडलं म्हणते. पाट मांडा."

वलगाव म्हणजे इथून अगदी जवळ, आलेच की. पाट मांडले. रांगोळ्या झाल्या. प्रभाकररावांनी पल्लवीला हाक मारली, "बेटा, पेन आण." सुईचं पेन. तिनं आणलं. औषधाचा आकडा त्यांनी स्वतः फिरवला, चष्मा लावून स्वतः पाहिला. मी बाजूलाच बसलो होतो. तिनं टोचलं आणि विचारलं, "बाबा, जेवण वेळेवर आहे ना?" ते म्हणाले, "वलगाव सोडलं ना आबानं." मग ती आंघोळीला गेली, आणि सोवळ्यात स्वयंपाकघरात शिरली, नैवेद्याची ताटं वाढायला. एकदा सोवळ्यात गेली की नैवेद्य होईपर्यंत तिला बाहेर येऊन कोणाला शिवता येत नाही. ही रीतही तिनं केलेली नाही. तिच्या लग्नाआधीपासून चालत आलेली आहे.

आम्ही सगळे बाहेर बसलो. आबा आले नाहीत.

पुन्हा फोन. "आलोच." पुन्हा फोन. "आलोच ना बा, पोचलोच." घरात आंबिलीचा, पुरणाचा वास भरून राहिलेला, आणि लोक उपाशी. प्रभाकरराव माझ्या कानाशी म्हणाले, "साडूभाऊ, आबाच्या जीपले समुद्र आडवा आला काय?" मी हसलो. त्यांनी माझ्याशी केलेली ती शेवटची गंमत.

मग ते शांत झाले. सोफ्याला मान टेकली. कपाळ ओलं होतं, पण भादव्यातला उकाडा, सगळ्यांचीच कपाळं ओली होती. मी विचारलं, "भाऊ, झोप येऊन राहिली काय?" ते हसले. बोलले नाहीत. कोणी तरी म्हणालं, "पडू द्या सरांले जरासं." खोलीतल्या सगळ्यांना ते शांत वाटले. मलाही.

आबा आले, घाईघाईनं पाय धुतले, आरती झाली. टाळ्या वाजत होत्या. आरती झाल्यावर त्यांना हाक मारली. पुढचं तुम्हाला माहीत आहे. दवाखान्यात साखर दिली, सगळं केलं. ते त्या झोपेतून परत आले नाहीत.

आता माझ्या नळीचं काम.

मी पल्लवीवर संशय घेतला. लपवत नाही. घरात एक माणूस सुई घेऊन उठला नाही, तर मीटरवाला पहिला कुठं बघेल? मी दवाखान्यात डॉक्टरांना गाठलं. विचारलं, औषध जास्त गेलं का? जे मी स्वतः पाहिलं होतं, ते सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "काका, औषध बरोबर होतं. ते एका ताटाच्या हिशोबानं होतं. ताट आलं नाही."

मी तरीही थांबलो नाही. मला एक गोष्ट टोचत होती. त्या दिवशी सोफ्याच्या हातावर एक केळ पडलेलं मी पाहिलं होतं. न सोललेलं. सगळं घर उपाशी बसलेलं, नैवेद्याआधी खायला कोणाला परवानगी नाही, मग ते केळ तिथं आलं कसं? मी सुमनला विचारलं. सुमन म्हणाली, "पल्लवीनं दारातून माझ्याकडं दिलं. म्हणाली, मावशी, बाबांना खायला लावा, मला शिवता येत नाही. मी नेऊन दिलं तर भाऊजी म्हणाले, नैवेद्य होऊ दे. आणि बाजूला ठेवलं."

मंडळी, त्या घरात त्या दिवशी इतकी माणसं होती. त्यांच्यातल्या एकालाच संशय आला. आणि ती सोवळ्यात, दाराआड होती.

मी पल्लवीकडं गेलो. म्हणालो, "बेटा, हे तू कोणाला सांगितलं का नाहीस? एवढं बोलतात लोक."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मीच खाली बघितलं. म्हणाली, "काका, सांगून काय करू? सांगितलं तर म्हणतील, पाहा, हिले माहीत होतं."

बरोबर आहे तिचं. संशय एकदा पसरला की त्यातून बाहेर यायला जागा नसते. गप्प राहिली तर दोषी. बोलली तर जास्त दोषी. ताई, मी तुमचा लहान बहीणजावई आहे, मला माफ करा, पण तेरवी झाली तरी तुम्ही पल्लवीच्या हातचा चहा घेतलेला नाही. कप येतो, तुमच्यासमोर थंड होतो, परत जातो. मी पाहिलं आहे. तुम्ही तिला एक शब्दही बोललेल्या नाहीत. पण ती रोज कप उचलून नेते.

आणखी एक गोष्ट बोलतो. ही कुजबुज कुठून निघाली, हेही मी शोधलं. नाव सांगणार नाही. एवढंच सांगतो की ज्या माणसाच्या मनाला सगळ्यात जास्त टोचत असतं, त्याला दुसऱ्या कोणाचा तरी हात दिसला तर बरं वाटतं. तो माणूस वाईट नसतो. त्याला रात्री झोप लागत नसते.

म्हणून मी इथं आणखी एक संशय सोडून जाणार नाही. कोणी म्हणू नये की जीप उशिरा आली म्हणून माणूस गेला. दर्यापूरची काळीपिवळी जीप सगळ्या शिटा भरल्याशिवाय निघत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आणि फोनवर आपण सगळेच तसं सांगतो. मी स्वतः अजून लांब बडनेऱ्यात असलो की इथं जवळ राजापेठेत आलो म्हणून सांगतो. समोरच्याला बरं वाटावं म्हणून सांगतो. त्या दिवशी आपल्या घरात वाईट असं कोणीच काही केलं नाही. मोठ्या भावाचा मान ठेवला. देवाआधी खाल्लं नाही. येणाऱ्यानं काळजी नको म्हणून "आलोच" म्हटलं. यातलं सगळं आपल्या ओळखीचं, आपल्या घरचं. म्हणूनच आपल्याला संशय आला नाही.

आणि प्रभाकररावांना? त्यांना तरी आला असेल का? इतकी वर्षं हेच शिकवलेला माणूस. डॉक्टर म्हणतात, जुन्या रुग्णाला कधी कधी जाणवतच नाही. असेल. पण मला वाटतं, सुरुवातीला क्षणभर जाणवलं असावं. केळ हाताशी होतं. सुमनसाठी ओरडलेला माणूस स्वतःसाठी कुजबुजलासुद्धा नाही. हा संशय माझ्याजवळच राहील. तो मी कोणाला देत नाही.

मी संपवतच होतो, पण...

आबा.

आबा, तुमच्याशी बोलतो आहे. वर पंखा चालू आहे आणि तुम्ही दुपट्ट्यानं कपाळ पुसून राहिले. तुम्हालाही भावासारखीच शुगर; मघाशी मागच्या खोलीत तुम्ही सुई घेतली, ते मी जाता जाता पाहिलं. तेव्हा दोनच वक्ते राहिले होते. नंतर किती जण बोलले, आणि वरून मी. तुम्ही काही खाल्लं का?

काय म्हणाले? माईकवर ऐकू आलं नाही लोकांना. मी सांगतो. आबा म्हणाले, "सभा होऊ दे."

नैवेद्य होऊ दे. सभा होऊ दे.

पल्लवी, पुढं ये बेटा. तुझ्या पर्समध्ये आता साखरेची पुडी असते, मला माहीत आहे. त्या दिवसापासून असते. ये, लोक वाट देतील. जरा पाय घ्या हो, जाऊ द्या तिला.

आबांना दे.

मी थांबतो. आपल्याला घाई नाही.

आबा, मान हलवू नका. तुमच्या भावासमोर बसला आहात तुम्ही. घ्या. तिच्याच हातून घ्या.

घेतली. सगळ्यांनी पाहिलं? मागच्यांनीही पाहिलं? पाणी द्या कोणी तरी. पल्लवी, तिथंच बस, त्यांच्या बाजूच्या खुर्चीवर. थोड्या वेळानं पुन्हा विचार त्यांना.

आबा काही म्हणत आहेत. हो. ते म्हणाले, "इले जाऊ नोका देऊ."

आबा, ते तिनं ठरवायचं आहे. तिला माहेरी जायचं असेल तर तिनं जावं, राहायचं असेल तितकं राहावं. पण पल्लवी, जाशील तेव्हा तुझे कपडे घेऊन जा. लोकांचा संशय बॅगेत भरून नेऊ नकोस. तो आमचा आहे. इथंच राहू दे.

ताई, तुमच्याशी मी काही बोलत नाही. तुम्ही तिचा हात धरला आहे, ते मला इथून दिसतं आहे.

मंडळी, आता प्रभाकररावांसाठी थोडा वेळ शांत उभं राहू. दरवेळी आपण डोळे मिटून, मान खाली घालून उभे राहतो. आज तसं करू नका. माझी विनंती आहे, डोळे उघडे ठेवा. शेजारी जो उभा आहे त्याच्या तोंडाकडं बघा. फार शांत दिसला तर त्याला हाक मारा. त्यानं उत्तर दिलं नाही तर सभेची पर्वा करू नका, मोठ्यानं हाक मारा.

अंदमानच्या पाण्यात त्यांनी मारली होती, तशी.

उठा मंडळी. आबा, तुम्ही बसूनच राहा.